पेव, कोठी, चाळ, वखार: माल ठेवायच्या जागांचं परीक्षण, त्यांच्या नावांसकट

माल ठेवायची कुठलीही जागा विचारा, हल्ली एकच उत्तर मिळतं: गोदाम. पत्र्याची शेड म्हणजे गोदाम, सिमेंटचा हॉल म्हणजे गोदाम, किराणा दुकानामागची अंधारी खोली म्हणजेही गोदामच. हा शब्द मलायमधल्या ‘गुडांग’चा भाऊ. तेलुगू-तमिळमध्येही त्याचे नातलग आहेत आणि बंदरोबंदरी फिरत तो आपल्याकडे आला. बंदरात उतरलेला माल पुढे जाईपर्यंत छपराखाली पडून राहावा, एवढंच त्याचं काम. म्हणून ‘गोदाम’ म्हटलं की छप्पर आहे एवढंच कळतं. आत हवा खेळते की कोंडते, जमीन ओल धरते का, माल बिघडला तर कोण भरून देणार, यातलं काहीच कळत नाही.

मराठीतली जुनी नावं तशी मुकी नाहीत. पेव, कणगी, बळद, कोठी, कोठार, चाळ, वखार या प्रत्येक नावात माल कसा ठेवायचा याची रीत आहे. कांदा कोठीत घातला तर सडतो, गहू चाळीत ठेवला तर उंदीर नेतात. इथे या जागा एकेक करून तपासल्या आहेत: कशात काय टिकतं, काय बिघडतं आणि का.

पेवापासून सुरुवात करू, कारण धान्य टिकवण्याचं शास्त्र त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. पेव म्हणजे जमिनीखालचा खड्डा, पण साधा नव्हे. तोंड माणूस उतरेल एवढंच अरुंद आणि खाली पोट रुंद, पाण्याच्या रांजणासारखं. जमीन कोरडी, घट्ट आणि निचऱ्याची लागते. तळाला आणि कडेला कडबा किंवा पाचटाचा जाड थर देतात, माल तोंडापर्यंत भरतात, वर पुन्हा पाचट, मग दगडी फरशी, आणि फरशीच्या फटी मातीने लिंपून टाकतात. त्यानंतर आत जे घडतं ते महत्त्वाचं. धान्य श्वास घेतं, धान्यातली कीडही घेते. आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. औषधाचा कणही न घालता सोंडे-भुंगेरे गुदमरून मरतात. तोंड लिंपलेलं असेल तोवर नवी कीड शिरायला वाट नसते.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं याच कारणाने नावाजली. वीस फुटांहून खोल पेवांत हळकुंडं वर्षानुवर्षं रंगासकट टिकायची. त्या भागाचं दुर्दैवही तेच, कृष्णाकाठ. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि ही साठवण मोडकळीला आली. पेवाचा हा खरा दोष आहे. भूजल वर आलं किंवा पूर आला, की बाहेरून काहीही न दिसता आतला माल जातो, आणि तोंड उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. दुसरा दोष कडेच्या थराचा. जमिनीतली ओल पाचटातून थोडी झिरपतेच, त्यामुळे भिंतीला लागलेल्या धान्याला पेवाचा उग्र वास येतो. तो थर वेगळा काढावा आणि पेवातलं धान्य बियाण्याला वापरू नये.

पेवात उतरण्याबद्दल मात्र स्पष्टच लिहायला हवं, कारण इथे माणसं मेली आहेत. जो वायू कीड मारतो तोच उतरणाऱ्याला मारतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो. पहिला उतरणारा कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी घेतो, आणि दोघंही जातात. तोंड पूर्ण उघडून किमान एक दिवस तसंच ठेवायचं, पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत ढकलायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं ठेवायची. जुनी माणसं दोराला कंदील बांधून आधी खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण कंदील जळतोय म्हणून हवा सुरक्षित आहे असं मुळीच नाही. प्राणवायू मोजायचं यंत्र आज भाड्याने मिळतं, तेच वापरावं.

‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं आपण सहज बोलतो. पेवाचं तोंड फुटलं की माल आवरत नाही, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडचा हा वाक्प्रचार. आज पेवं फारशी उरली नाहीत, पण त्यांचं तत्त्व बाजारात पुन्हा आलंय, ते हवाबंद पिशवीच्या रूपाने. आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. घरच्या साठवणीसाठी, विशेषतः हरभरा, तूर, मूग, चवळी अशा कडधान्यासाठी, आज इतकी चांगली वस्तू दुसरी नाही. दहा-वीस पोत्यांचा माल असेल तर आमची पहिली शिफारस हीच. फक्त बांधण्यात चूक झाली तर ती साध्या पोत्याच्याच किमतीची ठरते.

बांधायची रीत अशी. आधी आतली पिशवी फुगवून तोंड पिळून धरा आणि दाबा. कुठून फुस्स आवाज येतोय का, ते कानाने आणि गालाने तपासा. सुईएवढं भोक असेल तर ती पिशवी बाजूला काढा. माल भरताना अधूनमधून पोतं जमिनीवर आपटून धान्य बसवा, म्हणजे दाण्यांमधली हवा कमी होते. वर हातभर मोकळी मान सोडा. सर्वांत आतल्या पिशवीची मान हवा दाबून काढत घट्ट पिळा, दुमडा आणि दुमडलेली मान दोरीने बांधा. मग दुसरी तशीच, मग बाहेरचं पोतं. तिन्ही मिळून एकच गाठ मारायची नाही; प्रत्येक पिशवी वेगळी बांधायची. त्यानंतर निदान चार आठवडे तोंड उघडू नका. रोज वाटीभर हरभरा काढायला पिशवी उघडली, की रोज ताजा प्राणवायू आत जातो आणि भुंगेरे मजेत जगतात. आणि माल कोरडाच हवा. साध्या पोत्यातून थोडी ओल उडून जाते, इथून काहीच बाहेर पडत नाही. १५ टक्के ओलीचं धान्य हवाबंद केलं, तर ते आंबतं.

ओल ओळखायची घरगुती खूण म्हणजे दाणा दाताखाली धरून फोडायचा. ‘कट्’ असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळलंय, चेपला तर अजून दोन उन्हं हवीत. ही खूण गव्हा-ज्वारीला चालते, सोयाबीनला फसवते. सोयाबीन आणि विकायच्या मालासाठी ओलमापक यंत्रच वापरा. साठवायच्या धान्यात ओल १२ टक्क्यांच्या आत असावी. सोयाबीन १० टक्क्यांवर आणता आलं तर उत्तम.

कणगी ही पेवाच्या बरोबर उलट. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली. ती हवा कोंडत नाही, थोडी आत-बाहेर होऊ देते, म्हणून दमट कोकणात भातासाठी ती शोभते. इथे भात म्हणजे साळ, टरफलासकट. टरफल हेच दाण्याचं चिलखत असतं. तोच भात कांडून तांदूळ केला आणि कणगीत घातला, तर महिन्याभरात पोरकिडे होतात. दरवर्षी भरण्याआधी कणगी रिकामी करून उन्हात तापवायची, विणीच्या फटीत अडकलेले जुने दाणे काढायचे (कीड तिथूनच सुरू होते) आणि नव्याने सारवायची. सारवण तडकलं की उंदराला दार मिळालंच. बळद हे वाड्याच्या भिंतीत किंवा खोलीच्या कडेला बांधून काढलेलं. दिसायला देखणं, पण आतून साफ करायला अवघड. भिंतीला बाहेरून पावसाचा मारा असेल तर त्यात धान्य ठेवू नये.

कोठी म्हटलं की आज पत्र्याची गोल टाकी डोळ्यासमोर येते. घेताना ‘इतक्या क्विंटलची’ या दुकानदाराच्या शब्दावर न जाता टेप लावा. एक मीटर व्यास आणि दीड मीटर उंची म्हणजे साधारण १.१८ घनमीटर. गव्हाचा एक घनमीटर सुमारे ७७० किलो भरतो, म्हणजे ही कोठी ९ क्विंटलची झाली. ‘१२ क्विंटलची’ म्हणून ती विकली जात असेल तर हिशोब तिथेच समजून घ्या. सांधे पाहायला कोठीत तोंड घालून झाकण लावून घ्या. उजेडाची रेघ दिसली तर तिथून टोके (धान्यातले किडे) शिरणार. काढायची तोटी तळाशीच असावी, म्हणजे जुनं धान्य आधी निघतं.

पत्र्याच्या कोठीचा एकच मोठा रोग आहे आणि तो बहुतेकांना धान्य जुनं झाल्याचा वाटतो. झाकण उघडलं की वरचा चार बोटांचा थर गोळे धरलेला, पांढरट, वासाचा. खालचं धान्य मात्र ठणठणीत. कारण बाहेरचं आहे. कोठी ओसरीत किंवा पत्र्याच्या छपराखाली असते. दिवसा तापते, रात्री पत्रा गार पडतो. मधलं कोमट धान्य आपली वाफ वर सोडतं, ती झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या थेंबांनी जमते आणि पुन्हा धान्यावर टपकते. उपाय तीन. कोठी घराच्या आत, सावलीत, भिंतीपासून फूटभर दूर, फळीवर ठेवा. उन्हात वाळवलेलं धान्य तसंच गरम ओतू नका, रात्रभर पसरून निवू द्या. आणि कोठी शक्यतो काठोकाठ भरा. वर मोकळी जागा जितकी जास्त, तितकी वाफ जास्त.

कडधान्यं कोठीत ठेवायची तर किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवावीत. दाण्यावर पांढरे टिपके दिसतात ती भुंगेऱ्याची अंडी. तेलाचा पातळ थर त्या अंड्याचा श्वास बंद करतो. पण आधीच भोकं पडलेल्या मालाला याचा काही उपयोग नाही, कारण अळी तेव्हा दाण्याच्या आत पोचलेली असते. अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी घरातल्या कोठीत कधीही टाकू नये. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन सुटतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसांना तेवढा पुरतो. ती गोळी वखारीतल्या प्रशिक्षित माणसांची वस्तू आहे, घरची नव्हे.

कोठी या शब्दात आणखी एक शहाणपण आहे. लग्नकार्यात सामानाची खोली ती कोठीची खोली, आणि तिची किल्ली ज्याच्याकडे तो कोठावळा. किल्ली एकाकडे, देणं-घेणं एकाच्याच हातून. दहा जणांच्या हातांनी सामान काढलं जातं अशा कुठल्याही साठवणीत आधी हिशोब बिघडतो, मग माल.

कोठार हे कोठीचंच थोरलं रूप, संस्कृत ‘कोष्ठागार’वरून आलेलं. शब्द फार जुना आहे. गोरखपूरजवळच्या सोहगौरा इथे मिळालेल्या मौर्यकालीन ताम्रपटात संकटकाळासाठी बांधलेल्या दोन कोठारांचा उल्लेख आहे. कोठार एका घराचं नसतं; गावाचं, गडाचं, राज्याचं असतं, आणि टंचाईच्या दिवसासाठी असतं. पन्हाळ्याचा अंबारखाना पाहिला की याचा अंदाज येतो. गंगा, यमुना, सरस्वती या तीन दगडी कोठ्या आहेत. जाड भिंती आत ऊन पोचू देत नाहीत आणि उतारावरची वरची तोंडं धान्य ओतायला सोयीची. गंगा कोठीची क्षमता २५ हजार खंडी सांगतात, आणि खंडी म्हणजे २० मण. आजच्या धान्य बँकांनी गडावरून एक गोष्ट उचलावी: नवं धान्य जुन्यावर ओतू नये. दरवर्षी जुनं वाटायचं, रिकामं झाडून घ्यायचं, मगच नवं भरायचं. हा फेरा चुकलेलं कोठार तिसऱ्या वर्षी किड्यांचंच होतं.

‘भांडार’ शब्दाचं मात्र पार बूड बदललं. सरकारी कचेरीत भांडारपाल अजून साठाच सांभाळतो, पण रस्त्यावरच्या ग्राहक भांडारात आणि वस्त्र भांडारात माल विकला जातो. शब्द साठवणीकडून विक्रीकडे गेला. पाटीवर भांडार वाचून आत मोठा साठा असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता चाळ. शहरात चाळ म्हणजे खोल्यांची रांग, शिवारात कांद्याची लांबट जागा. कांदा हा जिवंत जिन्नस आहे. तो श्वास घेतो, घाम सोडतो, ऊब धरतो. त्याला छप्पर हवं, भिंत नको. म्हणून सिमेंटच्या बंद गोदामात ठेवलेला कांदा दीड महिन्यात पाणी सोडतो आणि चाळीतला चार-पाच महिने थांबतो. ज्यांना कांदा साठवायचाय त्यांनी गोदामाचा विचारच करू नये.

चांगली चाळ ओळखायची खालून. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्यांचा असावा. हवा तळातून शिरते आणि ढिगातून वर जाते; तळ बंद केला तर बाजूच्या जाळ्यांनी काम भागत नाही. पाखी म्हणजे चाळीतला कांदा भरायचा लांबट कप्पा. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, दोन पाखी पूर्व-पश्चिम. पाखीची रुंदी ४ फूट आणि कांद्याचा थर ५ फुटांच्या वर नको. ४० फूट लांबीच्या दोन पाखी चाळीत प्रत्येक पाखीला साधारण साडेबारा टन, म्हणजे एकूण २५ टन कांदा बसतो. भाव वाढणार म्हणून थर सात फुटांवर नेला की तळाचे कांदे वजनाने दबतात, मधली हवा अडते, आणि पहिला वास मधूनच येतो. छपराला कौलं किंवा सिमेंटचे पत्रे चांगले. नुसता लोखंडी पत्रा तापून वरचा थर उकडतो. छपराचा वळचणीचा भाग लांब बाहेर काढा, नाहीतर वळवाचा आडवा पाऊस थेट कांद्यावर येतो.

तरीही चाळीला दोष देण्याआधी शेतात काय झालं ते पाहा. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलं का, पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवून मग सावलीत दहा-बारा दिवस ठेवला का, मान ३ ते ५ सेंटीमीटर ठेवून कापली का? मान मुळापर्यंत खुडली की तीच जखम, तिथूनच काळी बुरशी शिरते. जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि ओल्या मानेचे कांदे चाळीत घालूच नका, आधी विका. खरिपाचा कांदा कुठल्याच चाळीत टिकत नाही, चाळ रब्बीची.

मग वखार. या शब्दाने बराच प्रवास केलाय. सतराव्या शतकात सुरत, राजापूर आणि वेंगुर्ल्याला इंग्रज-डचांच्या वखारी होत्या. त्यात काही तयार होत नसे. माल जमवायचा, ठेवायचा, जहाजावर चढवायचा आणि तिथेच हिशोब लिहायचा. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची इंग्रजांची वखार घेतली, ती म्हणजे हीच जागा. पुढे गावोगावी वखार लाकडाची झाली. तिथे सरपण वजनावर घेताना लाकूड ओलं असेल तर आपण पाण्याचे पैसे देतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि १९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ आलं तेव्हा शब्द पुन्हा आपल्या मूळ अर्थावर आला: दुसऱ्याचा माल आपल्या जबाबदारीवर ठेवणारी जागा. गोदाम आणि वखार यांतला फरक हाच. गोदामात जागा भाड्याने मिळते. वखारीत माल सांभाळला जातो आणि त्याची पावती मिळते. ती पावती हाच वखारीचा आत्मा.

माल नेल्यावर क्रम असा असतो. पोत्यात परखी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसून वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना काढतात, ओल आणि काडीकचरा मोजतात, प्रत ठरवतात, वजन करतात, थप्पी लावतात आणि पावती देतात. नमुना काढताना स्वतः हजर राहा. गाडीच्या मागच्या चार पोत्यांचाच नमुना घेतला जात असेल तर आतल्या पोत्यांचाही घ्यायला सांगा. पावतीवर जिनसाचं नाव, पोत्यांची संख्या, निव्वळ वजन, प्रत, ओलीचा टक्का, त्या दिवसाचं मूल्य, मुदत आणि विम्याची नोंद वाचूनच सही करा. ओलीचा टक्का नसलेली पावती अर्धवट आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

कारण तंटे याच एका रकान्यावरून होतात. समजा ५० क्विंटल सोयाबीन १४ टक्के ओलीने ठेवलं आणि सहा महिन्यांनी ते वाळून १० टक्क्यांवर आलं. कोरडा ऐवज ४३ क्विंटल होता, तो तेवढाच राहिला. पण आता तो मालाच्या ९० टक्के आहे, म्हणून एकूण वजन ४७.७८ क्विंटल भरतं. सव्वादोन क्विंटल गेलं, आणि चोरी कोणी केली नाही, पाणी उडालं. पावतीवर १४ लिहिलं असेल तर हा हिशोब दोन मिनिटांत मिटतो. नसेल तर भांडण. त्याहून बरं म्हणजे माल घरीच १० टक्क्यांवर आणून न्यायचा, वाहतूक आणि भाडंही तेवढ्याने कमी.

वखारीची इमारत पाहायला भर दुपारी जा. दारं बंद करून आत उभे राहा आणि वर बघा; छपरात चांदण्या दिसल्या तर पावसाळ्यात त्याच जागी पाणी. थप्प्या भिंतीपासून निदान दोन फूट दूर आहेत का, पोत्यांखाली लाकडी क्रेट आहेत का की नुसती ताडपत्री, थप्पीवर कार्ड आहे का आणि त्यावर धुरीची (कीड मारायला वायू सोडल्याची) तारीख आहे का, हे पाहा. धुरी देताना थप्पी ताडपत्रीने झाकून कडांवर वाळूच्या नळ्या ठेवतात आणि सुमारे आठवडाभर झाकण काढत नाहीत. दोन दिवसांत झाकण निघालं तर मोठे किडे मरतात, पण अंडी जगतात आणि महिन्याने कीड पुन्हा दिसते. बियाण्याचं सोयाबीन असेल तर थप्पी सात-आठ पोत्यांपेक्षा उंच नको. साल नाजूक असते. दाबाने आणि आपटण्याने उगवण जाते, दाणा मात्र वरून चांगला दिसतो.

पावतीवर कर्ज मिळतं, हा वखारीचा दुसरा फायदा. २००७ चा वखार कायदा आणि त्याखाली २०१० मध्ये स्थापन झालेलं नियामक प्राधिकरण यांनी नोंदणीकृत वखारीच्या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचं वजन दिलं. २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते, म्हणून हरवण्या-फाटण्याची भीती नाही. मात्र त्यासाठी आधी रिपॉझिटरीत, म्हणजे या पावत्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, खातं उघडावं लागतं. वखार नोंदणीकृत नसेल तर ही पावती मिळत नाही, तेव्हा माल उतरवण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. बाजार समित्यांमधली पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही याच वाटेची. १९९०-९१ पासून ती चालू आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. मुदत टळली की व्याज चढतं आणि वाट पाहून मिळवलेला भाव त्यात जातो. तारण ठेवतानाच विक्रीची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवावी.

शीतगृहाबद्दल थोडक्यात. धान्याला ते लागत नाही, बेदाणा-मिरचीला लागतं. केळी १३ अंशांच्या खाली नेली की साल काळवंडते आणि पुन्हा नीट पिकत नाही. द्राक्षं शून्य अंशाजवळ, गंधकाच्या कागदासह ठेवतात, म्हणून त्या खोलीत दुसरं फळ नको. एकाच खोलीत सगळं ठेवून देतो म्हणणाऱ्या शीतगृहात काहीच ठेवू नका.

माल विकायच्या जागांची नावंही अशीच बोलकी आहेत. मंडईत गिऱ्हाईक किलोवर घेतं आणि विकणारा ओट्यावर बसतो. मुंबईची १८६९ ची क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा फुले मंडई, आणि पुण्याची १८८६ ची मंडई या दोन्हींच्या उंच छपरांखाली उकाडा वर चढतो आणि भाजी खाली ताजी राहते. ओटा आणि गाळा यांत फरक आहे. ओट्याला शटर नसतं, रात्रीचा माल हलवावा लागतो. गाळ्यात साठा करता येतो, पण मागच्या भिंतीला खिडकी नसलेल्या गाळ्यात कांदा-बटाटा दोन दिवसांहून जास्त ठेवू नये.

अडत हा शब्द दुहेरी आहे. दुकानाचंही नाव तेच, तिथल्या दलालीचंही. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. म्हणून हिशोबपट्टी हातात आली की आधी अडतीचा रकाना पाहा, मग हमाली, तोलाई, वाराई. पोत्यामागे किलो-अर्धा किलो ‘कडता’ कापलेला असेल तर तो वजनाच्या आकड्यात लपलेला असतो. काट्यावरची चिठ्ठी आणि पट्टीवरचं वजन शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. काट्याची चिठ्ठी टाकून देऊ नका.

पेढीवर तर माल नसतोच. ‘पीठ’ म्हणजे बसायची जागा, त्यावरून पेढी. तिथे गादीवर बसून वानगी (मालाचा नमुना) पाहून सौदा होतो आणि गाड्या नंतर कुठून तरी येतात. तेव्हा वानगीच्या तीन सारख्या पुड्या करा, प्रत्येकी अर्धा किलोची. दोघांच्या सह्या आणि तारीख घालून तिन्ही लाखेने बंद करा. एक घेणाऱ्याकडे, एक देणाऱ्याकडे, तिसरी मध्यस्थाकडे. पुडी प्लास्टिकची घ्या, कागदाची नको. कागदातून ओल उडते आणि महिन्याने वानगीच मालापेक्षा कोरडी निघते.